मत्स्यपेटी आणि घरातील धोके

मत्स्यपेटी, बोलीभाषेत फिश टँक किंवा ॲक्वेरियम, ही शोभिवंत मासे पाळण्यासाठी घरात ठेवली जाणारी काचेची पेटी होय. गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल, फायटर, गुरामी इत्यादी मासे महाराष्ट्रातील घरांमध्ये प्रामुख्याने आढळतात. या माशांच्या मृत्यूस रोगांइतकीच, किंबहुना अधिक वेळा, घरातील नित्याच्या वापराच्या वस्तू कारणीभूत ठरतात. नळाचे निर्जंतुक पाणी, डास मारण्याचे द्रव, फरशीचे फिनेल, तांब्याची कळशी, सणासाठी काढलेला भिंतीचा रंग या वस्तू माणसाला सहसा अपाय करीत नाहीत. माशाला मात्र त्यांतील काही वस्तू काही तासांत मारू शकतात. प्रस्तुत लेखात या धोक्यांची कारणे व त्यांवरील उपाय दिले असून उदाहरणे मुख्यतः रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील धाटाव व आसपासच्या परिसराला अनुसरून आहेत.

पार्श्वभूमी

काचपात्रात जलचर पाळण्याचा आधुनिक छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह 1853 साली लोकांसाठी खुले झाले. महाराष्ट्रात या छंदाची गोडी सर्वसामान्यांना लागली ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयामुळे. 1951 साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शाळेच्या सहलीत ते पाहून आलेल्या मुलांनी घरी येऊन बरणीत मासे ठेवण्याचा हट्ट धरावा, हे पुढील कित्येक वर्षे कोकणातल्या घरांतून घडत आले.

धाटाव हे कुंडलिका नदीच्या काठचे गाव रोहा–कोलाड मार्गावर आहे. तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र असून त्यात रासायनिक कारखान्यांचा भरणा मोठा आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून कुंडलिकेत उतरते. त्यामुळे या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते. कारखान्यांच्या निमित्ताने येथे देशभरातील कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि सदनिकांच्या दिवाणखान्यांत मत्स्यपेट्या दिसू लागल्या.

अशा गावात पेटीतले मासे एकाएकी मेले की संशयाचे बोट कारखान्याच्या धुराड्याकडे वळते. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. नदीच्या प्रदूषणाची चर्चा या परिसरात जुनीच आहे. तथापि नदीतल्या माशाचे आणि काचेच्या पेटीतल्या माशाचे जग वेगळे असते. पेटीत नदीचे पाणी सहसा येत नाही. तिच्यात जे काही येते ते घरातल्या हवेतून आणि घरातल्या हातांनी. म्हणून शोध आधी उंबरठ्याच्या आत घ्यावा, हेच तर्काला धरून होते.

माशाचे कल्ले

धोक्याचे मूळ माशाच्या श्वसनेंद्रियात आहे. कल्ल्यांमध्ये अतिशय पातळ पडद्यांच्या असंख्य पाकळ्या असतात. त्यांच्या एका बाजूने पाणी व दुसऱ्या बाजूने रक्त उलट दिशेने वाहते आणि पाण्यातील प्राणवायू रक्तात शिरतो. पडदा काही सहस्रांश मिलिमीटर इतकाच जाड असतो. प्राणवायू ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने पाण्यात विरघळलेले विषही जाते. माणसाने विषारी घास तोंडातून थुंकावा तसे माशाला करता येत नाही. ज्या पाण्यात तो जेवतो त्याच पाण्यात तो श्वास घेतो आणि मलविसर्जनही तेथेच करतो.

शिवाय पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा असतो. 20 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम, 25 अंशाला 8.3 आणि 30 अंशाला केवळ 7.6 मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकतो. म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यात माशाची गरज वाढलेली असते, तेव्हाच पाण्यातला साठा घटलेला असतो.

फायटर व गुरामी या माशांना कल्ल्यांखेरीज आणखी एक श्वसनेंद्रिय असते. ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यामुळे कमी प्राणवायूत ते तग धरतात. पण खोलीतील धूर त्यांना इतर माशांपेक्षा सरळ बाधतो.

नळाचे पाणी आणि टीसीएल

ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याचे निर्जंतुकीकरण बहुतांशी विरंजक चूर्णाने होते. ग्रामपंचायतीत व आरोग्य केंद्रात त्याला टीसीएल पावडर म्हणतात. ताज्या चुर्णात सुमारे 33 टक्क्यांपर्यंत उपयुक्त क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, दमट हवा लागली की तो उडून जातो. त्यामुळे आज टाकलेल्या दोन मापांचा आणि महिन्याने टाकलेल्या दोन मापांचा परिणाम सारखा नसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले किंवा परिसरात जुलाबाची साथ आली की मात्रा वाढवली जाते, आणि ते योग्यच आहे. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी एका लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माणसाच्या आरोग्याला आवश्यक असलेली ही मात्राही माशांच्या कल्ल्यांना घातक ठरण्यास पुरेशी असते. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, कल्ल्यांवर चिकट आवरण येते आणि ते गुदमरतात.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे गावातील जलसुरक्षक ओटी चाचणीने पाहतो. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पिण्याच्या दृष्टीने पिवळा रंग ही समाधानाची खूण, मत्स्यपेटीच्या दृष्टीने मात्र थांबण्याची. चाचणीचे द्रव्य स्वतः विषारी असल्याने तपासलेले पाणी पेटीत ओतू नये.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे रुंद तोंडाच्या बादलीत वा पिंपात पाणी किमान 24 तास उघडे ठेवणे. ते मधूनमधून ढवळले किंवा त्यात हवेचे बुडबुडे सोडले तर क्लोरीन लवकर उडतो. उन्हानेही त्याचे विघटन होते. अरुंद तोंडाच्या हंड्यात किंवा झाकलेल्या टाकीत ठेवलेल्या पाण्याला मात्र हा नियम लावू नये. दुसरा उपाय सोडियम थायोसल्फेटचा. दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून मिळणाऱ्या थेंबांत सहसा हेच असते. 1 मिलिग्रॅम क्लोरीन निष्प्रभ करण्यास त्याचे सुमारे 7 मिलिग्रॅम स्फटिक लागतात. लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 50 लिटर पाण्याला म्हणून साधारण 350 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाइतके स्फटिक पुरतात. काही मोठ्या शहरांत पाणी क्लोरामाइनने शुद्ध करतात. ते नुसते उघडे ठेवून जात नाही. नव्या गावी राहायला गेल्यावर पाण्यात काय मिसळतात, ही चौकशी पाणीपुरवठा विभागाकडे आधी करावी.

विंधणविहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असू शकतो, लोहही असते. असे पाणी वापरण्यापूर्वी रात्रभर बुडबुडे देऊन ठेवणे हितावह. पहिल्या पावसाचे पागोळीचे पाणी वापरू नये. ते छपरावरची सारी धूळ व काजळी घेऊन उतरते, आणि धाटावसारख्या ठिकाणी तर हा नियम काटेकोरपणे पाळावा.

तांबे, पितळ, दगड आणि शिंपले

तांब्याच्या भांड्यातील पाणी आरोग्याला चांगले, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. मत्स्यपेटीपुरते तरी हे पाणी निषिद्ध मानावे. पाण्यात उतरलेला तांब्याचा सूक्ष्म अंश कल्ल्यांतील क्षारांचे संतुलन बिघडवतो. गोगलगायी व झिंगे तर त्याला माशांच्याही आधी बळी पडतात. पाणी जितके मृदू तितके तांबे अधिक विषारी; आणि अतिपर्जन्याच्या कोकणात मृदू पाणी ही सर्वसाधारण गोष्ट आहे. घाटावरच्या एखाद्या गावी तांब्याच्या कळशीने पाणी भरूनही मासे जगले असतील, पण म्हणून तोच प्रयोग येथे यशस्वी होईल असे नाही. पितळेतही तांबे असतेच. मत्स्यपेटीसाठी प्लास्टिकची एक बादली व एक मग स्वतंत्र ठेवावा आणि त्यांना साबणाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

रेवदंडा किंवा काशीदच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले पेटीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. शिंपले, संगमरवराचे तुकडे व चुनखडीचे दगड यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. ते हळूहळू विरघळून पाणी जड व अल्कधर्मी करते. दगडावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून फेस आला तर तो दगड गोड्या पाण्याच्या पेटीसाठी नाही, असे समजावे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होतो. तो घासून, उकळत्या पाण्याने धुऊन वापरण्यास हरकत नाही.

डासनाशके व कीटकनाशके

घरातील सर्व धोक्यांमध्ये हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला गेलेला धोका होय. भातखाचरे, खाड्या आणि चार महिने साचलेले पाणी यांमुळे रोहा–पेण पट्ट्यात डासांचा उपद्रव नित्याचा आहे. संध्याकाळ झाली की विजेच्या खोबणीत द्रवाची बाटली लागते किंवा पलंगाखाली कॉइल पेटते. या उत्पादनांत ॲलेथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. झुरळांवर मारायचे फवारे आणि मुंग्यांसाठी ओढायचे खडू यांतही याच गटातील डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आदी रसायने आढळतात.

शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांत जे नैसर्गिक कीटकनाशक असते, त्याच्या धर्तीवर ही रसायने प्रयोगशाळेत घडवलेली आहेत. सस्तन प्राण्यांचे शरीर त्यांचे चटकन विघटन करते. म्हणून ती घरात वापरण्यायोग्य मानली गेली. माशांच्या शरीरात हे विघटन फार मंद गतीने होते. परिणामी लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शांत मोजावे इतके अल्प प्रमाणही त्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करते. मासा प्रथम अस्वस्थ होतो, काचेवर आपटतो, वेडावाकडा गरगर फिरतो व कुशीवर पडतो. गारव्यात या रसायनांची विषारीता वाढते, हेही येथे नोंदवले पाहिजे. पावसाळी रात्री पाणी गार असते आणि खिडक्याही बंद असतात.

आता यातील विलक्षण भाग. झाकण लावलेल्या पेटीत खोलीतील हवा आपण होऊन फारशी शिरत नाही. ती आत नेतो हवापंप. माशांना प्राणवायू मिळावा म्हणून जे यंत्र रात्रंदिवस चालते, तेच खोलीतील हवा ओढून तिचे बारीक बुडबुडे करून पाण्यात मिसळते, आणि त्या हवेत जे काही तरंगत असेल तेही मिसळते. डासांच्या द्रवाची बाटली आणि हवापंप एकाच विस्तारफळीवर शेजारी शेजारी लावलेले कित्येक घरांत दिसतात. यापेक्षा अनिष्ट शेजार दुसरा नाही.

फवारणीच्या वेळी पंप बंद ठेवावा अशी सूचना अशा उत्पादनांवर आढळते. ती बरोबर आहे, परंतु पुरेशी नाही. गच्च भरलेल्या पेटीत पंप रात्रभर बंद ठेवला तर मासे विषाऐवजी प्राणवायूच्या अभावाने मरतील. यावर साधा तोडगा असा, की पंप दुसऱ्या खोलीत किंवा हवेशीर गॅलरीत, पावसापासून सुरक्षित अशा जागी ठेवावा आणि लांब नळीने हवा आणावी. नळी स्वस्त मिळते. ज्या खोलीत पेटी आहे तेथे फवारा मारूच नये. अन्यत्र मारताना पेटी ओल्या जाड कापडाने झाकावी, तास-दोन तास पंप थांबवावा व नंतर खिडक्या उघडून खोली मोकळी झाल्यावरच तो सुरू करावा. हिवताप वा डेंग्यूच्या साथीत गावात धूरफवारणी होते तेव्हाही हेच करावे. आरोग्य विभागाची ही फवारणी टाळता येत नाही, टाळूही नये.

सर्वांत निर्धोक उपाय मात्र जुनाच आहे: मच्छरदाणी. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत व टाक्यांत गप्पी मासे सोडतो. त्याच गप्पीला दिवाणखान्यात आणून डासांच्या औषधाने मारावे, यातील विसंगती वाचकांच्या लक्षात येईल.

मुंग्यांच्या खडूची रेघ पेटीच्या टेबलाच्या पायांवर ओढू नये. खडूचे कण हातांना लागतात आणि त्याच हातांनी खाद्य टाकले जाते. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची शिंकाळ्या-फडताळांच्या काळातील युक्ती येथे उत्तम चालते. पेटीखालच्या कपाटात पंप ठेवून तेथेच डांबरगोळ्या व फिनेलची बाटली ठेवण्याची पद्धतही तितकीच घातक होय. पंप त्या कोंडलेल्या कपाटातील हवा ओढत असतो.

धूप, रंग आणि सणासुदीची कामे

दिवाणखाना हीच घरातील दर्शनी जागा असल्याने मत्स्यपेटी व देव्हारा अनेकदा जवळजवळ असतात. एका उदबत्तीने मासे मरत नाहीत. पण बंद खोलीत रोज धूप, कापूर व उदबत्ती यांचा धूर कोंडला तर पृष्ठभागावर काजळीचा व तेलकट द्रव्यांचा पातळ थर बसतो. हा थर हवा व पाणी यांतील वायूंची देवाणघेवाण मंदावतो. स्वयंपाकघरातील फोडणीच्या वाफेनेही असा तवंग येतो. साधा छापील शाई नसलेला कोरा कागद पृष्ठभागावर क्षणभर ठेवून उचलला की तवंग निघून येतो. सिगारेटच्या धुरातील निकोटीनही पाण्यात विरघळते आणि माशांना विषारी असते.

गणपती व दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी हा मोठा धोका. तैलरंग, टर्पेंटाइन, लाकडाचे पॉलिश व थिनर यांची वाफ पंपातून पाण्यात जाते. रंगाचे काम निघाले की पेटी झाकण्यापेक्षा मासे दोन-चार दिवसांसाठी दुसऱ्या घरी, आधी मुरवलेल्या पाण्यात हलवणे श्रेयस्कर. पेण शहर व त्याच्या परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने घराघरांत चालतात. तेथे आषाढ-श्रावणात फवारणी यंत्राने रंगकाम होते. अशा घरात पेटी ठेवायचीच तर ती कारखान्याच्या खोलीपासून पूर्ण अलग, वेगळ्या वाऱ्याच्या दिशेला असावी.

घरगुती विसर्जनाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली. नदीच्या दृष्टीने ती स्वागतार्ह आहे. पण या द्रावणातून अमोनिया वायू सुटतो. तो पाण्यात अत्यंत सहज विरघळतो आणि माशांसाठी तो तीव्र विष आहे. विसर्जनाची बादली म्हणून गच्चीत अथवा अंगणात ठेवावी; पेटीच्या खोलीत मुळीच नको.

साबण, फिनेल व हात

साबणातील द्रव्ये माशांच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत आवरण धुऊन टाकतात व कल्ल्यांना इजा करतात. पेटी, दगड वा गाळणीचा स्पंज कधीही साबणाने धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. काच पुसण्याच्या द्रवात बऱ्याचदा अमोनिया असतो, म्हणून बाहेरची काच नुसत्या ओल्या फडक्याने पुसावी. फरशी पुसणाऱ्या बाईंना याची कल्पना देणे हे घरमालकाचे काम आहे. मागाहून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

पेटीत हात घालण्यापूर्वी ते साध्या पाण्याने भरपूर धुवावेत. खोबरेल तेल, मलम, निर्जंतुक द्रव यांचा अंश हातावर नको. धाटावसारख्या गावात रासायनिक कारखान्यातील पाळी संपवून आलेल्या माणसाने कपडे बदलून, आंघोळ करूनच पेटीला हात लावावा, हेही सांगायला हवे. पेटीचे काम झाल्यावर मात्र हात साबणाने धुवावेत. हा नियम माशांसाठी नसून माणसांसाठी आहे.

वीज

वीज गेल्यावर गाळणी व पंप दोन्ही थांबतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या भागात वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित होता. एरवीही पावसाळ्यात काही तासांचा खंड कोकणाला नवा नाही. अशा वेळी मासे किती काळ तग धरतील हे पेटीतील पाण्याच्या खोलीपेक्षा पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, कारण प्राणवायू वरूनच विरघळतो.

जुन्या जाणकारांचा ठोकताळा असा: उष्ण प्रदेशातील लहान माशांसाठी लांबीच्या दर 2.5 सेंटिमीटरमागे सुमारे 75 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असावा. 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद पेटीचा पृष्ठभाग 1800 चौरस सेंटिमीटर भरतो. तीत सर्व माशांची लांबी मिळून 60 सेंटिमीटरहून अधिक नसावी. गोल्डफिशला याच्या सुमारे अडीचपट जागा लागते, म्हणजे त्याच पेटीत जेमतेम 24 सेंटिमीटर. हा हिशेब पाळलेली पेटी वीज गेल्यावर सहसा काही तास सहज काढते; दुकानदाराच्या आग्रहाने गच्च भरलेली पेटी काढत नाही. गोल बरणीत तोंड अरुंद असल्याने पृष्ठभाग आणखी आक्रसतो. शोभेसाठी बरणी कितीही देखणी असली तरी ती माशाचे घर नव्हे.

वीज नसताना खाद्य टाकू नये. मगने पाणी उचलून थोड्या उंचीवरून संथपणे परत ओतत राहावे. बॅटरीवर चालणारा लहान पंप घरी असल्यास उत्तम. बंदिस्त डब्याच्या गाळणीतील उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी काही तासांत मरू लागतात व आतले पाणी कुजते. म्हणून वीज आल्यावर ती तशीच सुरू न करता आधी आतले पाणी टाकून द्यावे.

पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे वाहून पंपात व पुढे जमिनीवर येऊ शकते. नळीत एकदिशा झडप बसवावी किंवा पंप पातळीच्या वर ठेवावा. विजेची तार खोबणीकडे थेट न नेता तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, खोबणीत जात नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करावीत. ही खबरदारी मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावी.

पेटीतच तयार होणारे विष

बाहेरून काहीही न येता मासे मरतात तेव्हा कारण बहुधा अमोनिया असते. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून होणारे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून तो बनतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मुलाच्या वाढदिवशी पेटी आणून त्याच दिवशी वीस मासे सोडले तर पंधरवड्यात निम्मे का मरतात, याचे उत्तर येथे आहे.

अमोनियाची विषारीता सामूवर अवलंबून असते. 25 अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की सुमारे 5 टक्के. शिंपल्यांविषयी वर दिलेला इशारा याच कारणासाठी आहे.

दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य टाकावे. पोळीचे तुकडे, भात, बिस्किट देऊ नये. सणाला वा सुटीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाद्याचा अख्खा डबा सोपवणे अहिताचे. प्रेमापोटी ते मूठमूठ टाकतात. रोजच्या मापाच्या पुड्या बांधून द्याव्यात. निरोगी प्रौढ मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही.

इतर धोके थोडक्यात सांगता येतील. झाकण नसेल तर मासे उडी मारतात, पाल पडते, मांजर पंजा घालते. थेट उन्हात पेटी तापते व शेवाळते. 60×30×30 सेंटिमीटरच्या पेटीत 54 लिटर पाणी मावते. काच व वाळूसह तिचे वजन 70 किलोच्या पुढे जाते, म्हणून आधार भक्कम व समतल असावा आणि पेटीखाली थर्माकोलचा पातळ थर द्यावा.

मृत्यूचे कारण ओळखणे

मासे कसे मेले याचे बारकाईने निरीक्षण केल्यास कारणाचा माग लागतो. सर्व जातींचे मासे काही तासांत एकदम मेले तर विष किंवा प्राणवायूचा अभाव संभवतो. दिवसाआड एकेक मरत असेल तर अमोनिया, नायट्राइट किंवा रोग. प्राणवायू संपला असता मोठे मासे आधी जातात, विषबाधेत बहुधा लहान. पहाटे पृष्ठभागावर धापा टाकणारे मासे दिवस वर आल्यावर सावरत असतील तर प्राणवायूच कमी आहे. कल्ले तपकिरी दिसणे हे नायट्राइटचे लक्षण. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते. मासे ठीक पण गोगलगायी मेल्या तर तांब्याचा, झिंगे मेले तर कीटकनाशकाचा संशय घ्यावा. पाणी बदलल्यावर तासाभरात त्रास सुरू झाला तर क्लोरीन.

शेवटच्या दोन दिवसांत घरात काय काय झाले, हा प्रश्न घरातील प्रत्येकाला, विशेषतः लहान मुलांना, न रागावता विचारावा. रागावल्यास खरे उत्तर मिळत नाही.

तातडीचे उपाय

बाधेची शंका येताच पंप स्वच्छ हवेच्या जागी हलवावा व बुडबुडे वाढवावेत. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने पेटीतील तिसरा ते अर्धा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. तापमान व सामूतील अचानक फरकाचा धक्का दुबळ्या माशाला सोसत नाही. यासाठी 20 लिटर मुरवलेले पाणी घरात सदैव भरून ठेवण्याची सवय उपयोगी पडते. विरघळलेली कीटकनाशके व रंगांची द्रव्ये शोषून घेण्यास सक्रिय कोळसा गाळणीत ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी तो फेकून द्यावा. नायट्राइटची बाधा असल्यास लिटरमागे सुमारे एक ग्रॅम साधे मीठ पाण्यात विरघळवून हळूहळू घालावे. त्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून शिरण्यास अटकाव होतो. औषधांचे निळे-हिरवे थेंब निदान झाल्याशिवाय घालू नयेत. त्यांतील काही औषधे गाळणीतले उपयुक्त जिवाणूच मारतात.

मेलेले मासे ताबडतोब काढून पुरावेत. वाचलेल्यांना एक-दोन दिवस खाद्य देऊ नये. सर्व मासे गेले असतील तर पेटी आठवडाभर नुसती चालू ठेवावी, दोनदा पाणी बदलावे आणि मगच एखादा काटक मासा, गप्पी वा मोली, आणून पाहावा. तो पंधरा दिवस नीट खातो-पोहतो असे दिसल्यावर बाकीचे मासे थोडे थोडे करून आणता येतात.